घराची बाहेरची भिंत आवाज किती अडवते? वीट, ब्लॉक की दगड?

सोलापुरात प्लॉट घेताना लोक पाणी पाहतात, रस्ता पाहतात, आवाज मात्र राहायला गेल्यावर ऐकू येतो. पूर्व भागात शेजारी यंत्रमागाची शेड असेल, तर शिफ्ट सुरू असेपर्यंत खटखट थांबत नाही. पुणे-हैदराबाद महामार्गालगत ट्रकचे हॉर्न, रेल्वेलाइनजवळ मालगाड्या आणि मिरवणुकीच्या दिवसांत डॉल्बी. घर बांधून झाल्यावर भिंत बदलता येत नाही. म्हणून बांधकामाआधीच हे समजून घ्या.

भिंत आवाज कशी अडवते?

हवेतून येणारा आवाज भिंतीला हलवतो आणि हललेली भिंत आतल्या हवेला हलवते. भिंत जितकी जड, तितकी ती हलवणे अवघड. ढोबळ नियम असा, की भिंतीचे वजन दुप्पट केले की आणखी ५ ते ६ डेसिबल आवाज अडतो. आवाज १० डेसिबलने घटला, तर कानाला तो साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो.

कोणती भिंत किती आवाज अडवते?

पुढचे आकडे दोन्ही बाजूंनी गिलावा केलेल्या भिंतींचे आणि अंदाजे आहेत.

- नऊ इंची विटांची भिंत: एका चौरस मीटरला जवळपास ५०० किलो वजन. सुमारे ५० डेसिबल आवाज अडतो.
- साडेचार इंची भिंत: सुमारे ४५ डेसिबल. खोल्यांमधल्या भिंतीला ठीक, रस्त्याच्या बाजूला कमी पडते.
- फ्लाय अ‍ॅश विटा: कोळशाच्या राखेपासून बनतात. वजन भाजलेल्या विटेच्या जवळपास, त्यामुळे आवाजाच्या बाबतीतही साधारण तशाच. सोलापूरजवळ एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आहे, त्यामुळे राख दुरून आणावी लागत नाही.
- एएसी ब्लॉक (पांढरे हलके ब्लॉक): आठ इंची भिंतीचे वजन विटांच्या भिंतीच्या निम्म्याहूनही कमी. सुमारे ४५ डेसिबल.
- काळा दगड: जुन्या वाड्यांसारखी दीड फुटी भिंत चौरस मीटरला एक टनाच्या वर भरते. आवाजासाठी उत्तम, पण जागा, मजुरी आणि पाया तिन्हींचा खर्च वाढतो.

मग एएसी ब्लॉक ‘साउंडप्रूफ’ म्हणून का विकतात?

ब्लॉकमध्ये हवेचे बारीक कप्पे असतात. ते उष्णता उत्तम अडवतात आणि पारा चाळिशीपार जाणाऱ्या सोलापुरात हा मोठा फायदा आहे. पण उष्णता अडवणे आणि आवाज अडवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. हलकेपणा उन्हासाठी चांगला, आवाजासाठी नाही. शांत कॉलनीत ब्लॉक जरूर वापरा. मागाच्या शेडशेजारी किंवा महामार्गावर मात्र किमान त्या बाजूची भिंत जड ठेवा.

दोन्ही हवे असेल तर पोकळ भिंतीचा पर्याय आहे: साडेचार इंचाच्या दोन भिंती आणि मध्ये दोन इंचांची पोकळी. पोकळीत मसाला पडून दोन्ही भिंती जोडल्या गेल्या तर फायदा जातो, म्हणून गवंडी अनुभवी हवा.

खरी गळती खिडकीतून

समजा, १० चौरस मीटरची भिंत ५० डेसिबल अडवते. तिच्यात २ चौरस मीटरची, २५ डेसिबल अडवणारी साधी खिडकी बसवली. आता भिंत आणि खिडकी मिळून फक्त ३२ डेसिबल अडवतात. म्हणजे महागड्या भिंतीवरचा बराच खर्च वाया.

म्हणून आवाजाच्या बाजूला खिडक्या कमी आणि लहान ठेवा. स्लाइडिंगपेक्षा रबराच्या पट्टीवर घट्ट मिटणारी, दारासारखी उघडणारी खिडकी बरी. काच जाड घ्या. चौकटीभोवतीची फट भरा, एसीच्या पाइपचे भोक बुजवा आणि विटांच्या दर्जा पूर्ण भरल्या आहेत का, हे गिलाव्याआधी स्वतः पाहा.

भिंत काय अडवू शकत नाही?

डॉल्बीचा ‘धम्म’ आवाज कमी कंपनसंख्येचा असतो. तो जड भिंतीतूनही येतो. मागाचा हादरा तर जमिनीतून पायात शिरतो. तिथे भिंतीचे साहित्य बदलून उपयोग नाही. शेडपासून अंतर ठेवणे आणि मागाखाली कंपन शोषणारे पॅड बसवणे हेच उपाय.

नियम काय सांगतो?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. औद्योगिक भागात हीच मर्यादा ७५ आणि ७० आहे. म्हणून प्लॉट कोणत्या झोनमध्ये येतो, हे खरेदीआधी तपासा.

थोडक्यात काय कराल?

प्लॉटवर एकदा रात्री अकरा वाजता जाऊन उभे राहा. आवाज कोणत्या बाजूने येतो ते पाहा. त्या बाजूला जिना, बाथरूम, स्टोअर ठेवा आणि झोपायची खोली विरुद्ध बाजूला घ्या. नकाशातल्या या बदलाला जादा पैसे लागत नाहीत. त्यानंतर त्या एका बाजूला नऊ इंची भिंत आणि घट्ट खिडकी. चारही बाजूंना सारखा खर्च करायची गरज नाही.