पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, बार्शी आणि आपल्या जिल्ह्यातल्या १,३१,७४६ बायका

कॅन्सर म्हटलं की आपल्याकडे एकच पत्ता सांगतात. परळ, टाटा. गाठोडं बांधायचं, मुंबईत कुणी ओळखीचं असेल तर त्याच्याकडे उतरायचं, नाहीतर फूटपाथ आहेच. भूम-परंड्याकडच्या लोकांना आणखी एक पत्ता माहीत असतो, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल. पण या दवाखान्याने उपचारांपलीकडे काय करून ठेवलंय, हे आपल्याच भागात फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून हे जरा लांबलचक लिहितोय.

हॉस्पिटल सुरू झालं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. डॉ. भगवान नेने हे त्यातलं मुख्य नाव. तालुक्याच्या गावात राहून कॅन्सरचं काम करायचं, तर पहिला प्रश्न हा की पेशंट किती आणि कुठे? कुणालाच सांगता येत नव्हतं. मुंबईत १९६३पासून कॅन्सरची नोंद ठेवली जात होती, पुढे इतर शहरांतही सुरू झाली. खेड्यातलं माणूस मात्र 'पोटात गोळा झाला होता' एवढ्यावर जायचं. मयताच्या दाखल्यावर कारण लिहायला डॉक्टर होता कुठे?

१९८७मध्ये बार्शीत ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. देशातली अशी पहिलीच. टाटाच्या डॉ. कस्तुरी जयंत यांचा त्यात मोठा वाटा. बार्शी, भूम आणि परंडा हे तीन तालुके घेतले. शहरात नोंदणीवाला दवाखान्याच्या फायली चाळतो. इथे फायलीच नव्हत्या, म्हणून माणसं गावोगाव फिरली. सरपंचाला भेटायचं, बायकांमध्ये बसायचं, अंगावरून लाल जातंय का, पाळी गेल्यावर पुन्हा दिसलंय का, तोंडातली जखम भरत नाही का, असं विचारायचं. संशय आला तर बार्शीला तपासणीला न्यायचं. अशा गोष्टी घरातल्या बाईने सासूलाही सांगायच्या नाहीत, असा तो काळ. (आज फार बदललंय असं नाही.)

त्यातून दोन गोष्टी कळल्या. कॅन्सरचं एकूण प्रमाण मुंबईपेक्षा बरंच कमी निघालं, पण बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर सगळ्यात पुढे. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. नुसतं जाऊन बोलल्यामुळे बायका लवकर दाखवायला येऊ लागल्या, आधीच्या टप्प्यातले पेशंट वाढले. नवं मशीन नाही, नवं औषध नाही. मोजायला गेलेल्या माणसांनीच अर्धा उपचार केला म्हणा ना.

या पायावर १९९९मध्ये मोठं काम उभं राहिलं. फ्रान्समधल्या लिऑंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, टाटा आणि बार्शीचं हॉस्पिटल एकत्र आले. प्रमुख संशोधक डॉ. शंकरनारायणन. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या धाराशिवमधल्या, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात घेतल्या. गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी चार भागांत वाटणी केली. एका भागात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं द्रव लावून डोळ्यांनी बघायचं, ज्याला व्हीआयए म्हणतात. चौथ्या भागाला फक्त माहिती दिली. तपासणी नाही.

निकाल २००९मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ बायका, त्यातल्या ३४ या कॅन्सरने गेल्या. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ बायका होत्या, त्यातल्या ६४ गेल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बाकी दोन तपासण्यांनी या अभ्यासात मृत्यूंमध्ये ठोस फरक पडला नाही. एचपीव्ही तपासणीच पहिली करावी, असं जागतिक आरोग्य संघटना आज जगाला सांगते. त्यामागच्या महत्त्वाच्या पुराव्यांत आपल्या वाशी-कळंबकडच्या बायका आहेत.

आता ते ६४. यावर पुढे जोरदार टीका झाली. तपासणीचा उपयोग होतो हे जगाला माहीत असताना एका गटाला ती न देता आठ वर्षं बघत कसे बसलात? संशोधकांची बाजू अशी की देशात तेव्हा खेड्यातल्या बाईला तपासणी मिळतच नव्हती, त्यामुळे जे चालू होतं तेच त्या गटाला मिळालं. माझं मत विचाराल तर उत्तर खरं आहे, पण पुरेसं नाही. 'इथे तसंही काही मिळत नाही' हे सरकारचं अपयश आहे, प्रयोगाची सोय कशी होऊ शकते? ज्यांनी बार्शीत काम उभं केलं त्यांच्याविषयी मला आदर आहे, आणि तरीही हा प्रश्न मला सुटत नाही.

आणि मिळालेल्या ज्ञानाचं पुढे काय झालं? २०१६च्या केंद्राच्या आराखड्यात तपासणी आहे, पण व्हीआयएची. ती स्वस्त आहे, नर्स करू शकते, आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाने दर दोन वर्षांनी ती केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, हेही सांगायला हवं. पण इथे दर दोन वर्षांनी कोण येतंय? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांमध्ये ही तपासणी कधीतरी झालेल्या किती, तर देशभरात १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत.

आपल्या भागात अंगावरून जातंय म्हटलं की तपासणीआधीच पिशवी काढायचा सल्ला देणारे आहेत, ते तुम्हालाही माहीत आहेत. म्हणून घरातली बाई तिशीच्या पुढची असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, गर्भाशयमुखाची तपासणी कोणत्या वारी होते? काय उत्तर मिळालं ते गावाच्या नावासह कमेंटमध्ये लिहा. सगळी उत्तरं गोळा करून मी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाणार आहे.