अंडोरा: १२७८ सालचा करार आणि आजचा प्रवासी

आज आपण फ्रान्स आणि स्पेनच्या मध्ये, पिरिनीज डोंगरात वसलेल्या अंडोराबद्दल बोलणार आहोत. देश लहान, जेमतेम ४६८ चौरस किलोमीटरचा. विमानतळ नाही, रेल्वे नाही. बार्सिलोनाहून बसने तीनेक तासांत पोहोचता येतं, आणि इथेच आपली माणसं फसतात.

बार्सिलोना पाहायला गेलेले लोक म्हणतात, एक दिवस अंडोराही करून येऊ. हातात शेंगेन व्हिसा असतो, पण एकाच प्रवेशाचा. अंडोरा स्वतः व्हिसा मागत नाही. मात्र तो शेंगेन क्षेत्रात नाही. म्हणजे अंडोरात पाऊल टाकलं की आपण शेंगेनबाहेर पडलो आणि तो एक प्रवेश वापरून झाला. परतायचं तर स्पेन किंवा फ्रान्समधूनच. दुसरा रस्ताच नाही. सीमेवर दरवेळी पासपोर्ट पाहतातच असं नाही, त्यामुळे 'काही होत नाही हो' असं सांगणारे भेटतात. पण पाहिला, तर कायदा आपल्या बाजूने नसतो.

मग युरोपच्या ऐन पोटात असून हा देश त्या रेषेबाहेर राहिला कसा?

तेराव्या शतकात या खोऱ्यावर उर्जेलचा बिशप आणि फुआचा काउंट असे दोघे हक्क सांगत होते. १२७८ साली तोडगा निघाला: मालकी दोघांची, एकट्याची कुणाचीच नाही. काउंटचा हक्क वारसाने चौथ्या हेन्रीकडे आला. तो १५८९ मध्ये फ्रान्सचा राजा झाला. पुढे राजे गेले, पण हक्क राहिला. म्हणून आज फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष आणि उर्जेलचे बिशप हे अंडोराचे सह-राजे आहेत. एका शेजाऱ्याने गिळायचं म्हटलं, तर दुसऱ्याचा हात मध्ये असायचाच. १९९३ मध्ये जनमताने राज्यघटना आली, त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व मिळालं. सह-राजे मात्र कायम राहिले. अंडोरात युरो चालतो, पण देश युरोपीय संघात नाही.

दोन मोठ्या राज्यांमध्ये कमी कराचा प्रदेश असला की तस्करी आलीच. तंबाखूच्या गाठोड्यांनी इथल्या डोंगरवाटा रुळल्या. दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून पळणारी माणसंही याच डोंगरांतून स्पेनकडे उतरली. आज परतीच्या गाड्या थांबवून तपासतात, त्यामागे हा सगळा इतिहास आहे. प्रौढ माणसाला ३०० सिगारेटी आणि दीड लिटर कडक मद्य करमुक्त नेता येतं. जास्त सापडलं तर कर भरा, वर दंडही.

तेव्हा जाणाऱ्यांनी व्हिसाचा अर्ज भरतानाच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा. विम्याच्या कागदावर अंडोराचं नाव आहे का, ते पाहावं. फक्त शेंगेन देशांपुरता विमा इथे उपयोगी पडेलच असं नाही. युरोपीय सिमकार्डाचं रोमिंगही इथे वेगळं लागू शकतं. हिवाळ्यात गाडी घेऊन जाणार असाल तर चाकांना बर्फाच्या साखळ्या हव्यात. एनव्हालिरा खिंड २,४०८ मीटरवर आहे. अडचण आली तर ११२ हा क्रमांक लावावा. पासपोर्ट हरवला तर आपला दूतावास माद्रिदला आहे, आणि माद्रिदला जायलाही आधी सीमा ओलांडावी लागते. म्हणून पासपोर्टची प्रत वेगळी ठेवा.

इथे थांबूया. आता तुमचे प्रश्न घेऊ.