मीटर कुणाच्या हातात?

तार करायला गेलेला माणूस आधी शब्द मोजायचा आणि मग मजकूर लिहायचा. आपल्याकडे सर्वसामान्य लोकांना तारेची सोय मिळाली ती १८५५ साली. तेव्हाचा दर होता चारशे मैलांपर्यंत सोळा शब्दांना एक रुपया, आणि पत्ताही त्या सोळांतच धरायचा! पुढे तार खात्याने शुभेच्छांचे ठरावीक मजकूर करून त्यांना क्रमांक दिले. लग्नाच्या तारेसाठी नुसता आठ आकडा लिहिला की पलीकडे सुखी आणि दीर्घ वैवाहिक जीवनाच्या शुभेच्छा पोहोचत. २०१३च्या जुलैत तार बंद झाली, तोवर हा हिशेब चालू होता. पण तारेच्या दराबद्दल लोक कुरकुर करत असले, तरी तिच्या मोजणीबद्दल भांडण झाल्याचं मी कधी ऐकलं नाही. कारण साधं आहे. शब्द दोघांच्या समोर मोजले जात. खिडकीतला कारकून पेन्सिलीने टिंबं देत जाई, आणि बाहेरचा माणूसही मनातल्या मनात मोजत असे.

टेलिफोन आला आणि ही मोजणी आपल्या नजरेआड गेली. विजेचं मीटर घराच्या भिंतीवर असतं, पाण्याचं नळाजवळ असतं. टेलिफोनचं मीटर मात्र एक्सचेंजमध्ये. ट्रंक कॉलच्या जमान्यात निदान मधे एक माणूस होता. नाशिकहून मुंबईला बोलायचं तर कॉल नोंदवून ठेवायचा. ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं. लाइटनिंगला ऑर्डिनरीच्या आठपट पैसे पडत, म्हणून तो शब्द घरात कुणी आजारी असल्याशिवाय उच्चारला जात नसे. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मधेच बोलून तसं सांगायची. १९६० साली कानपूर आणि लखनौच्या दरम्यान देशातली पहिली एसटीडी सुरू झाली. ती यथावकाश आपल्या गावांपर्यंत आली, आणि तो मधला आवाजही गेला. मग डायलच्या भोकात छोटं कुलूप अडकवणारी घरं दिसू लागली. बिल जास्त आलं की पहिला संशय मोलकरणीवर किंवा भाडेकरूवर आणि दुसरा टेलिफोन खात्यावर. अशा तक्रारींसाठी खात्याला टेलिफोन अदालती भरवाव्या लागल्या, यावरून त्यांची संख्या समजावी.

गल्लोगल्ली एसटीडी-पीसीओचे पिवळे बूथ निघाले आणि लोकांनी ते इतके आपले मानले, याचं श्रेय मी तरी तिथल्या लाल आकड्यांच्या मीटरला देतो. बोलता बोलता रुपये वाढताना दिसत आणि शेवटी छापील चिठ्ठी हातात येई. अशोकस्तंभाजवळ रात्री अकरानंतर, दर पाव झाल्यावर, लागलेल्या रांगा मला आठवतात. मुलं-मुली पुण्या-मुंबईला शिकायला गेलेली आणि घरचे लोक चपला घालून रांगेत उभे. आपल्या पुढच्या माणसाचं घरगुती दुःख सगळी रांग ऐकायची, पण बिलावरून वाद नाही.

इंटरनेट आलं १९९५च्या पंधरा ऑगस्टला, विदेश संचार निगमकडून, मोठ्या शहरांत. नाशिकसारख्या गावातल्या माणसाच्या वाट्याला ते आलं, तेव्हा त्याच्यामागे दोन मीटरं फिरत होती. एक इंटरनेटच्या विकत घेतलेल्या तासांचं आणि दुसरं टेलिफोनच्या पल्सचं. नंतर १७२ने सुरू होणाऱ्या क्रमांकांना फोनचा दर सवलतीचा झाला. तरी मोडेमचं ते किरकिरणं सुरू झालं की घड्याळाकडे नजर जायची. पत्र आधी लिहून ठेवायचं, जोडणी करायची, पाठवायचं आणि तोडायचं. कॉलेज रोडच्या सायबर कॅफेंत हाच हिशेब तासावर चाले.

२००४च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं आणि २००५च्या जानेवारीत भारत संचार निगमची सेवा सुरू झाली. आता वेळेची मोजणी गेली, मापाची आली. महिन्याला ठरावीक माप आणि त्यावर दर एमबीला रुपयाच्या आसपास. काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ मोजणी बंद. त्यामुळे कितीतरी घरांतली पोरं दोनचा गजर लावून उठत आणि डाउनलोड लावून परत झोपत. गजराने आई-वडीलही जागे होत, ते वेगळंच.

वेळ घड्याळात दिसतो, पण एमबी कशात दिसणार? गंगापूर रोडला आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षकांना एका महिन्यात चार हजारांवर बिल आलं. कोणत्या कंपनीचं ते सांगत नाही. मुलगा परदेशी, म्हणून ते दोघं रविवारी कॅमेऱ्यावर नातू बघत. शिवाय संगणक आपण होऊन अपडेट उतरवून घेई, तेही मापात. गुरुजी वहीत रोजची वेळ लिहून ठेवणारे. ती वही घेऊन ते कचेरीत गेले, मी सोबत होतो. "आमच्या सिस्टिममध्ये असंच दिसतंय," एवढंच उत्तर मिळालं. त्यांची वही आणि त्यांची सिस्टिम यांत तिसरा पंच कोण, हाच प्रश्न होता.

पंच शोधायला ग्राहक मंचात जावं, तर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की टेलिफोन बिलाचे वाद ग्राहक मंचाने ऐकायचे नाहीत. १८८५च्या तार कायद्यातलं ७-ब कलम त्यासाठी लवाद नेमायला सांगतं, तिकडे जा. म्हणजे ब्रॉडबँडच्या एमबीचा वाद तारेच्या कायद्यात! पुढे तेरा वर्षांनी, फेब्रुवारी २०२२मध्ये, त्याच न्यायालयाने खासगी कंपनीच्या एका प्रकरणात ग्राहक मंचाचा दरवाजा उघडा असल्याचं स्पष्ट केलं. मधल्या काळात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 'अमर्याद' योजनांमागच्या मर्यादा उघड सांगायला कंपन्यांना भाग पाडलं. माप संपल्यावर ब्रॉडबँडचा वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेता येणार नाही, असंही २०१६ साली बजावलं. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आली, डेटा कल्पनेबाहेर स्वस्त झाला आणि एमबी मोजणारी वही अडगळीत गेली.

मोजणी मात्र राहिली. महिना अठ्ठावीस दिवसांचा झाला आणि वर्षात बाराऐवजी तेरा रिचार्ज बसले. लोकांनी आरडाओरडा केल्यावर २०२२मध्ये, निदान एक तरी योजना तीस दिवसांची ठेवा, असा नियम आला. दुसरी अडचण उलट्या बाजूची होती. पंचवटीतल्या माझ्या मावशीकडे बटणांचा फोन आहे. तिला भाचरांशी बोलायचं असतं, बाकी काही नको. तरी ती वर्षानुवर्षं रोजच्या दीड जीबीचे पैसे भरत होती आणि रोज रात्री बारा वाजता तो दीड जीबी न वापरता संपत होता. डिसेंबर २०२४मध्ये प्राधिकरणाने नुसत्या बोलण्याची आणि एसएमएसची योजना देणं बंधनकारक केलं. मावशीला तसं सांगितलं, तर तिने विचारलं, "आणि आजवरचा तो माझा उरलेला कुठं गेला रे?"