परुळकर, दिलीप

(१९४२ – १० ऑगस्ट २०२५). भारतीय वायुसेनेतील लढाऊ वैमानिक. रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीतून १९७२ मध्ये केलेल्या पलायनासाठी प्रसिद्ध. वायुसेनेत १९६३ मध्ये दाखल झाले. १९६५ च्या युद्धात विमानावर मारा होऊन उजव्या खांद्याला जखम झाली. उडी घेण्याचा सल्ला मिळूनही त्यांनी ते विमान तळावर परत आणले. याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले.

१० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे सुखोई-७ विमान पाकिस्तानी हद्दीत पाडले गेले. रावळपिंडीत वायुसेनेचे बारा अधिकारी कैदेत होते. जुलै १९७२ मध्ये सिमला करार झाला, पण सुटकेची तारीख ठरेना. परुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांनी कोठडीच्या भिंतीच्या विटा रोज थोड्या थोड्या सैल करत भगदाड पाडले. सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र केले. नकाशासाठी शालेय अ‍ॅटलास होता. १२ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर, वादळ सुटलेले असताना, तिघे बाहेर पडले आणि बसने पेशावरला व तेथून खैबर खिंडीतील लंडी कोतलला पोहोचले.

अफगाण सरहद चार-पाच मैलांवर उरली होती. जुन्या नकाशात रेल्वेचे शेवटचे स्थानक लंडी खाना असे होते, म्हणून त्यांनी तेथे जाण्याची वाट विचारली. तो फाटा १९३२ मध्येच बंद पडला होता, त्यामुळे ऐकणाऱ्यांना संशय आला. पाकिस्तानात अडकलेले बंगाली त्या काळी याच वाटेने निसटत. हे त्यांपैकीच असावेत, असा तहसीलदाराचा तर्क झाला. टोळीवाल्यांच्या मुलखात अशा संशयितांच्या जिवाची शाश्वती नव्हती. परुळकरांनी प्रसंगावधान राखून पाकिस्तानी वायुसेनाप्रमुखांच्या कार्यालयात फोन लावला. तेथील स्क्वाड्रन लीडर उस्मान हे छावणीचे पूर्वीचे प्रमुख. त्यांनी हे आपलेच लोक असल्याचे तहसीलदाराला सांगितले आणि तिघे बचावले. शत्रुपक्षाच्या अधिकाऱ्याचा हा भलेपणा पलायनाइतकाच नोंदण्याजोगा आहे.

जिनिव्हा करारानुसार फसलेल्या पलायनाला केवळ शिस्तभंगाची, जास्तीत जास्त तीस दिवसांची शिक्षा देता येते. तिघांना एकांतवास भोगावा लागला व पुढे लायलपूरला हलवण्यात आले. १ डिसेंबर १९७२ रोजी वाघामार्गे ते भारतात परतले.

या धाडसासाठी परुळकरांना विशिष्ट सेवा पदक देण्यात आले. ग्रुप कॅप्टन पदावरून ते निवृत्त झाले. ‘द ग्रेट इंडियन एस्केप’ हा चित्रपट याच घटनेवर आहे.