सजगता रुग्णालयात कशी आली? माइंडफुलनेसचा थोडा इतिहास

मराठीत ‘वेदना’ म्हटले की दुखणेच आठवते. पाली भाषेत मात्र या शब्दाचा अर्थ व्यापक आहे. जाणवणारी कोणतीही संवेदना म्हणजे वेदना. मग ती सुखद असो, दुःखद असो वा दोन्ही नसो. बौद्ध परंपरेतील ‘सतिपट्ठान सुत्त’ या वेदनांकडे, शरीराकडे आणि मनाकडे भान ठेवून पाहायला सांगते. हे भान म्हणजे ‘सति’, म्हणजेच संस्कृतमधला ‘स्मृती’. आपण ‘ध्यानात ठेव’ म्हणतो तेव्हा आठवण आणि लक्ष हे दोन्ही अर्थ येतात, तसेच इथेही आहे. पाली अभ्यासक टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ साली ‘सति’साठी इंग्रजीत ‘माइंडफुलनेस’ हा शब्द वापरला आणि पुढे तोच रूढ झाला.

संसारी माणसांची साधना

दीर्घकाळ ही साधना मुख्यतः भिक्षूंची होती. ब्रह्मदेशात (आजचे म्यानमार) लेडी सयाडो या भिक्षूंनी ती सामान्य माणसांना शिकवली. त्याच परंपरेतले उ बा खिन हे तर सरकारी अधिकारी. ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर ते तिथले महालेखापाल झाले आणि कचेरीतल्या लोकांनाही ध्यान शिकवू लागले.

१९५५ मध्ये त्यांच्याकडे सत्यनारायण गोएंका हे भारतीय वंशाचे व्यापारी आले. अर्धशिशीने ते इतके बेजार होते की मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. केवळ डोकेदुखी घालवण्यासाठी येऊ नका, असे गुरूंनी सुरुवातीलाच बजावले होते, हे गोएंका स्वतः सांगत. पुढे १९६९ मध्ये त्यांनी मुंबईत पहिले विपश्यना शिबिर घेतले आणि १९७६ मध्ये इगतपुरीचे केंद्र सुरू झाले.

अमेरिकेतील रुग्णालयात

विपश्यना आणि झेन ध्यान तोवर अमेरिकेतही पोहोचले होते. जॉन कबाट-झिन या रेण्वीय जीवशास्त्रज्ञाने दोन्हींचा सराव केला होता. १९७९ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात एक वर्ग सुरू केला. नेहमीच्या उपचारांनी पुरेसा आराम न पडलेले रुग्ण तिथे पाठवले जात. धार्मिक शब्द बाजूला ठेवून श्वासाकडे लक्ष देणे, पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेक अवयव मनाने न्याहाळणे, अगदी एक बेदाणा सावकाश चावून खाणे असा सराव करून घेतला जाई.

१९८२ मध्ये त्यांनी जुनाट दुखण्याच्या ५१ रुग्णांचे निष्कर्ष मांडले. त्यांपैकी ६५ टक्के रुग्णांचा वेदनेचा गुणांक निदान एक तृतीयांशाने कमी झाला होता. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही लक्षात घ्यायला हवे.

याचा फायदा कसा होतो? कंबर दुखते, ही झाली संवेदना. त्यापाठोपाठ ‘हे कधी थांबणार?’, ‘काही गंभीर तर नसेल?’ असे विचार येतात. स्नायू आवळतात, झोप उडते आणि दुखणे आणखी जाणवते. सजगतेने संवेदना आणि तिच्याभोवतीचा हा घोर वेगळा ओळखता येऊ लागतो. दुखणे राहिले तरी त्याचा जाच कमी होतो.

पुढचे पुरावे

२००० साली नैराश्यातून बऱ्या झालेल्या १४५ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना तीन किंवा अधिक वेळा नैराश्य आले होते, त्यांच्यात साठ आठवड्यांत आजार उलटण्याचे प्रमाण नेहमीच्या उपचारांत ६६ टक्के, तर सजगतेचा वर्ग केलेल्यांत ३७ टक्के होते. दोनदाच नैराश्य आलेल्यांना असा लाभ दिसला नाही.

२०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात चिंता, नैराश्य आणि वेदना यांत अल्प ते मध्यम स्वरूपाची सुधारणा दिसली. पण औषधे किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान सरस असल्याचे आढळले नाही. २०२२ मध्ये चिंताविकाराच्या २७६ रुग्णांवरील चाचणीत आठ आठवड्यांचा वर्ग एसिटालोप्राम या औषधाच्या तोडीचा ठरला. अर्थात त्या रुग्णांना रोज घरी ४५ मिनिटे सरावही सांगितला होता.

घरी काय करता येईल?

• चहाचे पहिले दोन-तीन घोट मोबाइल बाजूला ठेवून घ्या. वास, चव, कपाची ऊब जाणवू द्या.
• भांडी घासताना पाण्याचा स्पर्श, जिना चढताना पावलांचा भार याकडे लक्ष द्या.
• फोन उचलण्यापूर्वी एक श्वास शांतपणे घ्या.
• रात्री झोपताना पायांपासून डोक्यापर्यंत शरीर मनाने न्याहाळा.

मन भटकणारच. ते भटकले हे लक्षात आले आणि तुम्ही ते परत आणले, की सराव झाला. विचार थांबवण्याची खटपट करू नका.

हे मात्र जरूर पाळा

छातीत दुखणे, अचानक सुरू झालेली तीव्र डोकेदुखी, हातापायांतली ताकद जाणे अशा वेळी ध्यानाला बसू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा. रक्तदाब, मधुमेह, नैराश्य यांची औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नका. गंभीर मानसिक आजार असेल किंवा मोठा मानसिक आघात झाला असेल, तर दीर्घ मौन शिबिराला जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोला.

उपचार चालू असूनही ज्यांचे दुखणे उरले होते, त्यांच्यासाठी सजगता रुग्णालयात आली. ती उपचारांच्या जोडीला आली, त्यांच्या जागी नव्हे. आजही तिचे स्थान तेच आहे.