ग्रिलिंग आणि बार्बेक्यू

ग्रिलिंग आणि बार्बेक्यू : उघड्यावर, विस्तवाच्या आधाराने अन्न शिजवण्याच्या दोन पद्धती. ग्रिलिंगमध्ये अन्न निखाऱ्यांच्या थेट वर जाळीवर ठेवून कडक आचेवर काही मिनिटांत भाजतात. बार्बेक्यूमध्ये विस्तव एका बाजूला असतो, झाकण बंद असते आणि मांस गरम हवेत व लाकडाच्या धुरात कित्येक तास शिजत राहते. हा भेद काटेकोरपणे पाळतात ते मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतले लोक. मराठीत दोन्हींना ‘भाजणे’ हे एकच क्रियापद पुरते, त्यामुळे आपल्याकडे तो सहसा जाणवत नाही.

ग्रिलिंगमध्ये जाळीपाशी साधारण २०० ते ३०० अंश से. तापमान असते आणि पदार्थाला मुख्यतः निखाऱ्यांची झळ शिजवते. पृष्ठभागावरचे पाणी उडाले, की सुमारे १४० अंशांपुढे प्रथिनांतील अमिनो आम्ले व शर्करा यांच्यात मायार अभिक्रिया वेग घेते (फ्रेंच रसायनज्ञ लुई कामीय मायार यांनी तिचे वर्णन १९१२ मध्ये केले). खमंग वास आणि तपकिरी कवच ही तिचीच देणगी. बाहेरून करपण्याआधी आतून शिजले पाहिजे, म्हणून येथे पातळ किंवा मुळातच मऊ पदार्थ लागतात : स्टेक, मासे, कोळंबी, कबाब, भाज्या. अडीच सेंटिमीटर जाडीच्या स्टेकला दर बाजूस तीन-चार मिनिटे पुरतात. पावसाळ्यात रस्त्याकडेच्या शेगडीवर भाजलेले मक्याचे कणीस हेही शुद्ध ग्रिलिंगच.

बार्बेक्यूची आच ११० ते १३५ अंशांच्या आसपास ठेवतात आणि मांस मुद्दाम चिवट निवडतात : डुकराचा खांदा, बरगड्या किंवा ब्रिस्केट, म्हणजे गुराच्या छातीचा भाग. गुरांना जत्रुक, म्हणजे गळ्यापाशीचे आडवे हाड नसते; पुढच्या धडाचा भार छातीच्या स्नायूंवर येतो आणि त्यांत कोलॅजेन हे दोरखंडासारखे प्रथिन भरपूर साठते. सुमारे ७० अंशांपुढे ते हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन होते. आच वाढवून हे काम उरकता येत नाही. कोलॅजेन सैल पडण्याआधीच मांस कोरडे होते. पाच-सहा किलोच्या ब्रिस्केटला म्हणूनच १० ते १४ तास लागतात आणि त्याचा गाभा ९५ अंशांच्या जवळ गेल्यावर ते उतरवतात.

या दीर्घ प्रवासात नवशिक्याला घाबरवणारी एक पायरी असते. मांसाचे तापमान ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान येऊन तासन् तास तेथेच अडकते. विस्तव विझलेला नसतो. मांसातून पाझरणारे पाणी बाष्प होऊन उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. घाई असलेले लोक अशा वेळी मांस कागदात किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यात गुंडाळतात, तर जुने कारागीर नुसती वाट पाहतात.

धूर हा बार्बेक्यूतला मसालाच होय. हिकरी, ओक, मेस्कीट, पीकॅन यांची लाकडे वापरतात. लाकडातील लिग्निन तापून फुटले, की त्यातून ग्वायकॉलसारखी सुगंधी द्रव्ये निघतात. धूर विरळ, निळसर हवा. दाट पांढऱ्या धुराने मांस कडवट होते. धुरातील नायट्रिक ऑक्साइड मांसातील मायोग्लोबिनशी संयोग पावून कडेच्या आत गुलाबी पट्टा उमटवते. त्याचा चवीशी फारसा संबंध नाही, तरी तो दिसला नाही तर खवय्ये नाक मुरडतात आणि दिसला तर अनोळखी पाहुणा मांस कच्चे समजतो.

बार्बेक्यू हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिश ‘बार्बाकोआ’मार्गे आला, मूळ अर्थ उंचावर बांधलेला काठ्यांचा मांडव. अमेरिकेच्या दक्षिणेत खड्ड्यात ओंडके जाळून रात्रभर जागण्याचे कष्ट प्रामुख्याने गुलाम आफ्रिकी लोकांनी उपसले आणि ही कला त्यांच्याच हातांनी घडली. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या १७६९ च्या रोजनिशीत बार्बेक्यूला गेल्याची नोंद आहे. पुढे प्रांताप्रांतांत रिवाज पडले : पूर्व नॉर्थ कॅरोलायनात अख्खे डुक्कर आणि व्हिनेगर-मिरचीचा पातळ सॉस, मेम्फिसमध्ये कोरडा मसाला चोळलेल्या बरगड्या, मध्य टेक्ससमध्ये मीठ-मिरी लावलेले ब्रिस्केट. कॅन्सस सिटीच्या परंपरेचा उगम हेन्री पेरी या कृष्णवर्णीय विक्रेत्यापर्यंत नेऊन भिडवतात.

दोन्ही पद्धती एकाच भांड्यात आणण्याचे श्रेय शिकागो परिसरातील जॉर्ज स्टीफन यांना जाते. ते काम करत त्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये पाण्यात तरंगणारे धातूचे बोये बनत; १९५२ मध्ये त्यांनी असा एक गोळा आडवा कापून झाकणाची शेगडी केली. निखारे सगळीकडे पसरून झाकण उघडे ठेवले तर ग्रिल. ते एका कडेला लोटून झाकण लावले तर बार्बेक्यू.

अमेरिकेबाहेर नावे भलतीकडे गेली आहेत. ब्रिटन व ऑस्ट्रेलियात अंगणातल्या ग्रिलिंगलाच बार्बेक्यू म्हणतात. ब्रिटनमध्ये ‘ग्रिल’ म्हणजे चुलीतली वरून पडणारी आच. आपल्या घरच्या ओटीजीवरचे ग्रिलचे बटणही वरचीच तार तापवते. भारतातील उपाहारगृहांत टेबलात बसवलेल्या शेगडीवर सळ्या फिरवतात त्याला बार्बेक्यू म्हटले जात असले, तरी कृती ग्रिलिंगची असते.

रायगड जिल्ह्यातली पोपटी मात्र दोन्हींत बसत नाही. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरून, तोंड पाल्यानेच बंद करून मडके उलटे ठेवतात आणि भोवती जाळ करतात. विस्तव अन्नाला शिवत नाही, हे बार्बेक्यूसारखे; पण आत धुराऐवजी शेंगांची आणि पाल्याची वाफ कोंडलेली असते, आणि अर्ध्या-पाऊण तासात मडके उघडते.