बुडालेल्या गलबतांचे मूळस्थान आणि वनस्पतिशेषांची साक्ष

बुडालेल्या गलबताचे ‘मूळस्थान’ कोणते, हा प्रश्न वरवर एकच भासतो. वस्तुतः त्यात तीन प्रश्न सामावलेले असतात. लाकूड कोठले, माल कोठे भरला आणि गलबताचे स्वतःचे बंदर कोणते? या तिहींचे उत्तर एकच असेल असे गृहीत धरल्यास निष्कर्ष फसवा ठरतो.

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यालगत उलुबुरुन येथे सापडलेले गलबत या दृष्टीने उद्बोधक आहे. ते ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकाच्या अखेरीस बुडाले. जॉर्ज बास व जेमाल पुलाक यांच्या नेतृत्वाखाली १९८४ ते १९९४ या काळात त्याचे उत्खनन झाले. सायप्रसचे सुमारे १० टन तांबे, १ टन कथील, आफ्रिकेतील काळे लाकूड, बाल्टिकचा अंबर असा नानादेशीय माल त्यात होता. अशा मालावरून व्यापाराचा विस्तार कळतो, गलबताचे घर कळत नाही. फळ्या लेबनॉनी सीडरच्या, म्हणजे आपल्या देवदाराच्या सगोत्र वृक्षाच्या, आहेत. परंतु हे लाकूड इजिप्तपर्यंत निर्यात होत असे. तेव्हा केवळ त्यावरून बांधणीचे स्थळ ठरत नाही.

सुमारे १५० कनानी कुंभांपैकी निम्म्याहून अधिक कुंभांत टेरेबिंथ वृक्षाची राळ होती. राळ जेथे गोळा होते तेथील परागकण तिला चिकटून राहतात. त्यांच्या आधारे अभ्यासकांनी तिचा उगम लेव्हंटमध्ये शोधला आहे. तथापि राळ हाही विक्रेय मालच होय.

याहून बोलकी वस्तू अगदी क्षुद्र आहे. जड ताम्रपिंडांनी तळाच्या फळ्यांना इजा होऊ नये म्हणून त्यांच्याखाली काटेरी झुडपांचा थर अंथरलेला होता. सार्कोपोटेरियम स्पिनोसम या नावाच्या या झुडपाला बाजारात किंमत नाही; ते माल भरताना जवळपासच तोडले जाणार. मात्र ते पूर्व भूमध्य समुद्राच्या काठी पुष्कळ ठिकाणी उगवते. म्हणून त्याची साक्ष एकटी निर्णायक नव्हे. दगडी नांगरांची घडण आणि खलाशांच्या वापरातील भांड्यांची माती या पुराव्यांशी ती जुळते, तेव्हाच कार्मेल पर्वतालगतच्या किनाऱ्यावरील बंदराचे अनुमान बळकट होते.

यावरून एक पद्धतिविषयक तत्त्व निष्पन्न होते. मौल्यवान वस्तू दूरदूर प्रवास करतात. निरुपयोगी वस्तू सहसा आपल्या भूमीजवळच राहतात. म्हणून मूळस्थानाच्या शोधात सोन्यानाण्याइतकाच तळाचा कचराही जपून उचलावा लागतो.